वारा न अडवणारी खिडकी

पगारे,

तुझ्या जलदान विधीला मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि मी दोन तास बोललो. बरं, एक तास. बरं बाबा, बारा मिनिटं. तुझ्या पुतण्यानं घड्याळ लावलं होतं. बघ, तू गेलास तरी माझी वाक्यं दुरुस्त करणं काही सोडत नाहीस. समोर हार घातलेला तुझा फोटो होता आणि त्यातही डावी भुवई वर चढलेली. फोटोवाल्यानं तुला 'हसा' म्हटलं असणार आणि तुला ते कारणाशिवाय पटलं नसणार. त्या भुवईकडे बघत मी बोलत होतो. दर वाक्याला वाटायचं, आता तू मागून म्हणणार, "बोराडे, किती? नीट सांग, किती?"

मी बोललो ते सगळं खिडकीबद्दल. लोक हसले, दोघं-तिघं रडले, एकानं टाळी वाजवली आणि मग जीभ चावली. पण जे बोलायला हवं होतं ते राहिलं. म्हणून हे लिहितोय. कागदावर तरी तू मधे बोलणार नाहीस, असं समजून चाललोय.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा गिरणीत आलास तेव्हा मी आजोबांची गोष्ट सांगत होतो. गोदावरीच्या पुरात आजोबा म्हशीवर बसून रामकुंडापासून निघाले ते थेट पैठणला लागले आणि वाटेत म्हैस व्यायली, ती. नाशिक रोडला गिरण्या बऱ्याच होत्या, पण दळणाबरोबर गोष्ट फक्त माझ्याकडे मिळायची. बायका रांगेत डबे ठेवून भाजीला जायच्या नाहीत, गोष्ट चुकेल म्हणून. पण त्या वर्षी माझ्या गोष्टी आखूड व्हायला लागल्या होत्या. आजोबा निफाडपर्यंत पोचायचे आणि माझा दम संपायचा. छातीत शिट्टी वाजायची. मग मी जात्याच्या पेटीला टेकून उभा राहायचो आणि आजोबा पुरातच.

दमा. डॉक्टरनं आधी औषधं दिली, मग सल्ला दिला आणि शेवटी हात टेकले. "बोराडे, पीठ तुमच्या छातीत जातंय. गिरणी सोडा."

"सोडतो. आणि खाऊ काय, गोष्टी?"

नाकाला फडकं बांधून पाहिलं. दहा मिनिटांत ते कणकेसारखं व्हायचं, श्वास आणि गोष्ट दोन्ही आतच. घर गिरणीच्या मागच्या अंगाला, एकच खोली आणि तिला एकच खिडकी, ती नेमकी गिरणीच्या शेडकडे तोंड करून. खिडकी उघडी ठेवली की पीठ आत. बंद केली, ओला पडदा लावला की खोलीत वारा नाही आणि मी माशासारखा तोंड उघडून बसलेला. दोन वर्षं मी आडवा झोपलो नाही, पगारे. बाजरीच्या पोत्याला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायचो. हे वाढवून सांगत नाहीये. विचार तुझ्या इंदूवहिनीला.

तर मी निफाडला थांबलो होतो आणि तू माझ्याकडे बघतच नव्हतास. दुपार होती. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत आली होती आणि तिच्यात पीठ नाचत होतं. तू गव्हाचा डबा पायाशी ठेवून त्या तिरीपेकडे बघत होतास, जसा कुणी देवाकडे बघतो. बरं, देव नको, तुला आवडायचं नाही. जसा फिटर बिघाडाकडे बघतो.

"शेठ, हे सगळं तुमच्या छातीत जातं?"

"निम्मं. निम्मं गिऱ्हाइकाच्या."

"एकलहऱ्याला पावर हाऊसवर आम्ही राख धरतो. धुराबरोबर उडते ना, ती. चिमणीत जायच्या आधी."

"कशानं धरता? पोत्यानं?"

"विजेनं. मधे जाळी नाय, फडकं नाय. धूर त्याच्या वाटेनं जातो, राख मागं राहते."

मी पट्टा उतरवून गिरणी बंद केली. आयुष्यभर थापा मारत आलो, पण इतकी देखणी थाप मला कधी सुचली नव्हती. मी तुला भर गिऱ्हाइकांत हात जोडले. म्हटलं, "महाराज, आजपासून ही गादी तुमची."

तू हसला नाहीस. खिशातून कंगवा काढलास, केसांतून पाच-सात वेळा खसाखसा फिरवलास आणि पेटीवर सांडलेल्या पिठावर धरलास. पीठ उडून कंगव्याला चिकटलं. मधे बोटभर अंतर आणि त्या अंतरातून पीठ आपण होऊन वर गेलं.

"हे एवढंच," तू म्हणालास. "बाकी सगळं हेच मोठं करून."

"मोठं करणं हा तर माझा धंदा!"

तेव्हा पहिल्यांदा तुझी भुवई वर गेलेली मी पाहिली.

त्या दिवसापासून तू दर रविवारी यायला लागलास. मी चहा मागवायचो आणि आपण गिरणीबाहेरच्या बाकड्यावर बसायचो. पहिल्याच रविवारी मी तुला हळू आवाजात सांगितलं होतं, "आत आई असते. जुन्या वळणाची आहे, तुला ठाऊकच आहे कसं असतं ते. आपण इथंच बसू." तू म्हणालास, "बसू की. इथं वारा चांगला लागतो." आणि कपबशी मांडीवर घेऊन माझ्या फुप्फुसांचा नकाशा काढायला लागलास, दळणाच्या चिठ्ठीच्या मागे.

हिवाळाभर तू विचार केलास. भद्रकालीच्या जुन्या बाजारातून मेलेल्या टीव्हीचं आतडं आणलंस. टीव्ही तेव्हा कुठे घरांत शिरायला लागले होते आणि तुला मेलेला कसा सापडला कोण जाणे. त्यातून विजेचा मोठा दाब काढायचा आणि तो शिवणाच्या सुयांच्या टोकांवर सोडायचा. सुईचं टोक इतकं बारीक की वीज तिथून हवेत सांडते, हवेवरून धुळीवर चढते आणि मग धुळीला कुठेतरी चिकटायची घाई होते. हवेला ती घाई नसते, ती आपली पुढं जाते. तू मला हे बाकड्यावर अकरा वेळा समजावलंस. अकरा, मोजून. मी गिऱ्हाइकांना सांगताना त्याचं असं केलं की एकलहऱ्याची एक अख्खी तार गुपचूप माझ्या खिडकीला जोडलीय. दुसऱ्या दिवशी वीज मंडळाचा माणूस चौकशीला आला आणि तुला अर्ज लिहावा लागला. त्याबद्दलही माफ कर.

होळी झाल्यावर तू खोका घेऊन आलास. दारात थांबलास. "आई आहेत आत?"

"नाही. गावी गेलीय."

"बरं." तू चपला काढल्यास, त्या जुळवून ठेवल्यास आणि आत आलास.

इंदूच्या तोंडावर त्या दिवशी जे होतं ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिनं तुला पाट दिला, तू तिला 'वहिनी' म्हणालास आणि खिडकीला फळी ठोकायला लागलास. फळीवर सुयांची रांग, कुणाचा हात लागू नये म्हणून पुढे लाकडी पट्ट्या, पट्ट्यांत चार-चार बोटांचं अंतर. बटण दाबलंस. काहीच झालं नाही. मला वाटलं होतं निळा उजेड पडेल, गडगडेल, निदान इंदू किंचाळेल. नुसता बारीक सूं आवाज आणि ढग गरजल्यावर येतो तसा वास. माझ्या घशात खवखवलं.

"थांब, जास्त झालंय," म्हणून तू दाब कमी केलास. मी म्हणालो, "अरे, वाढव की! होऊ दे खर्च विजेचा!" तू म्हणालास, "याच्या पुढं गेलं की हवाच घशाला लागते. प्रत्येक गोष्ट वाढवायची नसते, बोराडे."

मग तू वर्तमानपत्राची बोटभर पट्टी खोलीत आतल्या बाजूला दोऱ्यानं टांगलीस. वाऱ्यानं ती फडफडत होती. बटण बंद, फडफड तेवढीच. बटण चालू, फडफड तेवढीच. तू पट्टीकडे बोट दाखवून म्हणालास, "वारा अडवायचा नाय. माणसाला वारा पायजेच. फक्त त्यातलं नको ते धरायचं." मग खिडकीबाहेर इंदूनं उदबत्ती धरली. सुया बंद असताना धूर सरळ आत आला. चालू केल्या, तर धूर खिडकीशी येऊन विरला, जसा काही घर चुकलाय. तसा थोडा आला आत. सगळा नाही थांबला. हे 'थोडा' आज मी तुझ्यासाठी लिहितोय, नाहीतर आजवर मी कधीच सांगितलं नव्हतं.

आठ दिवसांत इंदू कमरेला पदर खोचून तुझी वाट बघत बसली. पाडव्यासाठी दिलेल्या सफेदीवर खिडकीभोवती काळपट पिसारा उमटला होता. "भाऊजी, तुमच्या यंत्रानं माझ्या भिंतीचं वाटोळं केलं!"

तू भिंतीवरून बोट फिरवलंस, काळं झालेलं बोट तिला दाखवलंस आणि म्हणालास, "वहिनी, हे भिंतीवर दिसतंय ना, म्हणजे याच्या छातीत गेलं नाय."

इंदूनं ते बोट निरखून बघितलं. मग आत गेली आणि लग्नातली ॲल्युमिनियमची परात घेऊन आली. "भिंतीऐवजी हिच्यावर धरता येईल का?" पगारे, माझ्या घरात मोठी बुद्धी कोणाला आहे ते तुला तेव्हाच कळलं. तू परात ठोकून सपाट केलीस, तिचे पत्रे कापलेस आणि सुयांमागे उभे लावलेस, वाऱ्याकडे कड करून, अर्धवट उघडलेल्या वहीच्या पानांसारखे. वारा पानांमधून सुळकन आत आणि मळ पानांवर. दर रविवारी बटण बंद करायचं, पाव तास थांबायचं, मग पत्रे काढून धुवायचे. 'पाव तास' तू आम्हा दोघांकडून शाळेसारखं वदवून घेतलंस. आणि दर रविवारी बादलीतलं राखाडी पाणी बघून तू म्हणायचास, "हे बघ, या आठवड्यात एवढं तू खाल्लं नाहीस."

तिसऱ्या आठवड्यात मी आडवा झोपलो. सकाळी इंदूनं मला हलवून उठवलं. तिला वाटलं मी मेलो. पोत्याला न टेकता पडलेला नवरा तिनं दोन वर्षांत पाहिला नव्हता.

मग मी जे करायचं तेच केलं. गिऱ्हाइकांना सांगितलं की या खिडकीतून ब्रह्मगिरीची हवा येते. खोकणारी पोरं घेऊन बाया यायला लागल्या. एका रविवारी तू आलास तेव्हा खोलीत चाळीस बाया होत्या. सात. सात बाया होत्या. तू दारात उभा राहून भाषण केलंस, आयुष्यातलं एकमेव: "यानं धूळ कमी होते. आजार बरा होत नाय. डॉक्टरचं औषध चालू ठेवा. घरी जा." मग माझ्याकडे वळून म्हणालास, "आणि तू पण औषध चालू ठेव." माझी इतकी बेअब्रू आजोबांच्या म्हशीनंही केली नव्हती. पण औषध चालू ठेवलं. दमा गेला नाही, जाणारही नव्हता. आजोबा मात्र पैठणला पोचायला लागले.

आता भांडणाचं लिहितो. तुझं-माझं न संपलेलं भांडण.

मला ती खिडकी गिरणीत हवी होती. तू नाही म्हणालास. मी कारण विचारलं, तू म्हणालास, "पीठ पेटतं." मी हसलो. मी जन्मभर पिठात, मला पीठ शिकवतो! दिवाळीच्या आधी चकलीच्या भाजणीची झुंबड उडाली, गिरणीत समोरचं माणूस दिसेना, तेव्हा मी फळी उपसली आणि जात्याच्या डोक्यावर टांगली. बटण दाबून दहा मिनिटंही झाली नसतील, तू डबा घेऊन दारात. डबा खाली ठेवलास. भिंतीवरचा मोठा खटका ओढलास, सगळी गिरणी अंधारी केलीस, फळी उतरवलीस, सायकलला बांधलीस आणि गेलास. डबा तसाच राहिला.

तीन आठवडे तू आला नाहीस. दळण दुसरीकडे नेलंस. दळण दुसरीकडे! मला घटस्फोट मिळाल्यासारखं झालं. मी पुन्हा पोत्याला टेकून झोपायला लागलो. इंदू दिवाळीचं ताट घेऊन तुझ्याकडे गेली, तर ताट घेतलंस आणि निरोप दिलास, "त्याला म्हणावं, येतो."

आलास तो मेणबत्ती घेऊन. अंगणात ठेवलीस, पेटवलीस. मला दूर उभं केलंस. मूठभर कोरडं पीठ लांब नळीतून ज्योतीवर फुंकलंस. भक्क! आगीचा गोळा उठला आणि विझला. गिऱ्हाइकांना सांगताना तो पाण्याच्या टाकीएवढा होता. खरं तर कोपरापर्यंत होता आणि तुझ्या हातावरचे केस जळाले. तो वास मला अजून येतो.

"तू टांगलंस तिथं एक ठिणगी पडली असती तर हेच झालं असतं. खोलीभर."

"म्हणजे मी नक्की उडालो असतो?"

तू विचार केलास. खोटं बोलून मला घाबरवायची इतकी सोपी संधी आली होती, तरी विचार केलास. "नक्की नाय. शंभरात एखाद वेळ."

"शंभरात एक! आणि त्यासाठी तीन आठवडे अबोला?"

"त्या एका वेळेला तू आत होतास."

मी मेणबत्ती उचलून घरात नेली. मग तू खिडकी परत खोलीत बसवलीस आणि गिरणीच्या भिंतीत साधा पंखा लावलास, पीठ बाहेरच्या बाजूला ओढून टाकणारा. पण मी भांडत राहिलो, की काही झालं नसतं. दर दिवाळीला भांडलो. आज हरलो असं म्हणतो. ऐकतोयस ना? मी हरलो. शंभरातला एक मीच.

त्या दिवाळीनंतर आई गावाहून आली. खिडकी बघून म्हणाली, "ही कुनी केली?" आणि तू आलास तेव्हा तिनं तुला पाटावर बसवलं, आपल्या हातानं वाढलं आणि "भाकर खाल्ल्याबिगर हलायचं नाय" असा दम भरला. तू खाली मान घालून तीन भाकऱ्या खाल्ल्यास. मग मी सगळ्या नाशिक रोडला सांगत सुटलो की माझ्या आईला मी सुधारलं. कसं समजावलं, कशी अडून बसली होती, मी दोन दिवस जेवलो नाही, शेवटी कशी विरघळली. ती गोष्ट मी तुझ्यासमोरही सांगितली, एकदा नाही, अनेकदा. तुझी भुवई हलली नाही. मला वाटलं, तुला पटली.

परवा जलदानाला जेवणं झाल्यावर कमलवहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांना मी म्हणालो, "पगारेनं माझी एक थाप कधी सोडली नाही."

त्या म्हणाल्या, "एक सोडली की."

"कोणती?"

"तुमच्या आई घरात हायेत म्हनलात ती. ते पयल्याच महिन्यात मला म्हनले, त्या बाकड्याजवळच्या दोरीवर एकदाबी नऊवारी वाळत नाय. म्हातारी घरात नाय."

मला माझा श्वास ऐकू यायला लागला. मी विचारलं, "मग बोलला का नाही?"

"मी बी तेच इचारलं. म्हनले, बोराडे सगळ्या थापा ओरडून मारतो. ही एकच हळू आवाजात मारली. म्हंजी त्याला लाज वाटतीय. ऱ्हाऊ दे, येईल वाटंवर."

पगारे, किती थंडी होती त्या बाकड्यावर. मांडीवर कपबशी घेऊन तू माझ्या छातीचा नकाशा काढत होतास आणि पाठीमागे दोरीवर इंदूच्या पाचवारी साड्या वाळत होत्या. तू ते मोजलंस, जसं सगळं मोजायचास, आणि तरीही माझ्या खिडकीसाठी सुया गोळा करत राहिलास. इंदू मला दर रविवारी म्हणायची, "अहो, आत बोलवा की त्यांना." मी तिला म्हणायचो, गिऱ्हाइकं काय म्हणतील. ज्या आईच्या नावावर मी ते खपवलं, तिनं पहिल्या भेटीत तुला वाढलं.

आज रविवार. बटण बंद करून मी पाव तास थांबलो, पत्रे धुतले. पाणी राखाडी निघालं. काल दुपारभर आडवा झोपलो होतो. इतक्या वर्षांचे श्वास तू मला दिलेस, त्यांचा आकडा मी सांगितला तर तू दुरुस्त करशील, म्हणून सांगत नाही. त्यातला एक आत्ता वापरतो. हळू आवाजात बोललो होतो ते आता मोठ्यानं, खिडकी उघडी ठेवून, रांगेतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणतो आणि यात एक अक्षर वाढवत नाही.

पगारे, आई तेव्हा घरी नव्हती. बाहेर तुला मी बसवलं होतं.